बाद मते : एक

रेकॉर्ड रूमची किल्ली माझ्याकडं असते.
पाथरीच्या तहसिलीत, जिन्याखालची खोली.
लाल फडक्यात बांधलेलं गाव न् गाव.
गाठ सोडायची तर आधी नाकाला रुमाल,
मग गावाचं नाव.

तळाचे बस्ते उर्दूत.
वाचायला कादरी मास्तर यायचे. ते गेले,
आता ते कागद फक्त कसर वाचते.

त्यांच्यावर बावन्नची मतदारयादी.
चाळीस : तुकारामची बायको.
एक्केचाळीस : तुकारामची आई.
दोन्हींवर आडवी रेघ,
शेरा : नाव सांगत नाही.

पंच्याण्णवच्या प्रोसिडिंगात
सरपंचबाईचा अंगठा, आणि त्याला खेटून
नवऱ्याची लफ्फेदार सही,
अंगठा पळून जाईल म्हणून धरल्यासारखी.
नव्व्याण्णवच्या पानावर मात्र एकटीच :
कासाबाई. कान्याला काना नाही,
ओळ सोडून वर चढलेली अक्षरं.
हे पान मी उगंच दोनदा बघतो.

परवा माहितीच्या अधिकारात अर्ज आला.
मौजे वाघजळी, वार्ड तीन, पोटनिवडणूक, अठ्ठ्याहत्तर.
अर्जदार रनेरांचा नातू. यंदा उभा राहतोय,
आजा खरा निवडून आलता
असं पत्रकावर छापायचंय त्याला.

बस्ता सोडला.
छत्री : त्र्याण्णव.
कपबशी : त्र्याण्णव.
बाद मते : एक.
'सबब, हजर असलेल्या एका अज्ञान बालकाच्या हस्ते
चिठ्ठी काढण्यात आली.'

अज्ञान बालक म्हणजे मी.
सहा वर्षांचा. चड्डीला बटण नव्हतं,
एका हातानं चड्डी धरली, दुसरा घागरीत घातला.
आत गार होतं, एवढं आठवतं.
निघाली कपबशी.

खंदाऱ्यांनी गुलाल उधळला, मला गुळाचा खडा दिला.
रनेरांनी गिरणीत आमचं दळण बंद केलं.
दोन वर्षं आई डोक्यावर पायली घेऊन
पलीकडच्या गावाला जायची,
येताना पीठ कोमट असायचं.
मी त्या पिठाकडं बघायचो नाही.

मरणाच्या आधल्या साली, दवाखान्यात,
सलाईनचे थेंब मोजता मोजता म्हणाली :
ते बाद मत मव्हं व्हतं.
छत्रीवाल्याच्या रानात मही रोजी,
कपबशीवाल्याकडं तुहा बाप साली.
शिक्का म्या मधल्या रेघवर हाणला.
चुकून?
नाही रे.
दोघंबी घरी येऊन सांगून गेलते कुठं हाणायचा.
रेघवर हाण, असं कुणीच म्हणलं नव्हतं.

मग पाणी मागितलं. चूळ भरली.
मी विचारणार होतो, की मग त्या घागरीचं,
माझ्या हाताचं, दोन वर्षांच्या पिठाचं काय?
पण नर्स आली.

नातवाला नक्कल दिली. दोन रुपये पान.
उभ्या उभ्या वाचून म्हणाला, काका,
हे पोरगं कोण होतं म्हणायचं?
म्हटलं, रेकॉर्डला नाही.

गेल्या मंगळवारी सरपंचपदाच्या आरक्षणाची सोडत.
सभागृह खच्चून. चिठ्ठ्यांच्या घड्या मीच घातल्या,
सगळ्या सारख्या, अंगठ्याच्या नखानं दाबून.
शेजारच्या शाळेतून एक पोरगी आणली, दुसरीतली,
दोन वेण्या, एकीची रिबीन सुटलेली.
बरणीजवळ आली आणि मला हळूच विचारलं,
कोणची काढू?
माईक चालू होता. लोक हसले.

इतिवृत्तात मी तिचं नाव लिहिलं :
कुमारी आफरीन बाबूमियाँ तांबोळी.
नायब साहेबांनी ते खोडलं,
रीतीप्रमाणे लिहा म्हणाले.
रीतीप्रमाणे लिहिलं.

समासात पेन्सिलीनं बारीक काहीतरी आहे.
कसर लागेपर्यंत राहील.